दुसऱ्यांदा घेतलेला ब्रश

खानदेशाच्या दक्षिण शिवेवर, फर्दापूरजवळच्या डोंगरात अजिंठ्याची लेणी आहेत. तिथली भित्तिचित्रं पोपडे धरून गळत होती. ती नाहीशी होण्याआधी त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलला नेमलं. भोवती रान, आत अंधार आणि वटवाघळं. मिळेल त्या उजेडात भल्यामोठ्या कॅनव्हासवर तो एकेक आकृती उतरवून घेई. जवळजवळ वीस वर्षं हे चाललं. त्याची सोबतीण पारो १८५६ साली वारली. तिची कबर अजिंठा गावात आहे.

तयार चित्रं लंडनला गेली. तिथे सिडनहॅमच्या बागेत क्रिस्टल पॅलेस नावाचा काचेचा प्रचंड महाल होता, आणि बागेत येणाऱ्या लोकांना त्यात देशोदेशीची कला पाहायला मिळे. तिथेच ही चित्रं मांडली गेली. १८६६च्या डिसेंबरात त्या महालाला आग लागली. गिलची मोजकी चार-पाच चित्रं वाचली, बाकी सगळी जळाली.

तेव्हा त्याची साठी उलटली होती. तो पुन्हा लेण्यांत गेला आणि नकला करू लागला. माझ्या लेखी त्याचं मोठेपण इथे आहे. पहिल्यांदा ब्रश उचलला तेव्हा मनात उमेद होती. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा वीस वर्षांची मेहनत एका आगीत जाते, हे त्याला पुरतं कळलेलं होतं.

१८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि पेस्तनजी बोमनजींसारखे त्यांचे विद्यार्थी याच कामाला लागले. तेरा वर्षं त्यांनी चित्रं केली. त्यांनी भिंतींना लावलेल्या व्हार्निशने मूळ चित्रांचं नुकसानही झालं, हे लपवू नये. १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात आग लागून त्यांचीही कितीतरी चित्रं गेली. उरलेल्या कामातून ग्रिफिथ्सनी १८९६-९७ मध्ये दोन मोठे ग्रंथ काढले. भिंतीवरून आज पुसलं गेलेलं बरंच काही त्यांत पाहायला मिळतं.

गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. जळगावमार्गे अजिंठ्याला जाणाऱ्यांनी तिथवर वाट वाकडी करावी, आणि भुसावळकरांनी ती कबर नीट जपावी.