मलाच का?

पोटात अल्सर झाला की पूर्वी बोट दाखवलं जाई ते माणसाच्या स्वभावाकडे. फार काळजी करतो, चिडतो, तिखट खातो, मग भोगणारच! १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी रुग्णांच्या जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. अल्सर या जिवाणूमुळे होतो, हे डॉक्टरमंडळींना पटेना. म्हणून १९८४ मध्ये मार्शल तो जिवाणू स्वतःच प्यायले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

स्वभावावरचा आरोप असा गळून पडला, पण रुग्णाचा खरा प्रश्न तिथेच राहिला. जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या पोटात हा जिवाणू राहत आला आहे आणि त्यातल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. मग मलाच का?

आपल्या परंपरेत याचं एक उत्तर तयार होतं. कोणत्या पापाने कोणता रोग जडतो, याच्या याद्याच कर्मविपाकाच्या ग्रंथांत सापडतात. आजाऱ्यालाच वर अपराधी ठरवणारं हे उत्तर क्रूर आहे.

जीवशास्त्र वेगळीकडे नेतं. या जिवाणूचं व्हॅक-ए नावाचं विष जठराच्या पेशीत शिरून मायटोकाँड्रियाला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाला, इजा करतं. मायटोकाँड्रियाचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. त्यात जनुकं फक्त ३७, आणि तो येतो आईकडून. पिढ्यानपिढ्या त्यात बारीक फरक साचत गेले. हे फरक संसर्ग सोसण्याची ताकद कमी-जास्त करतात का, हे संशोधक तपासत आहेत.

पण वारसा एकटा काही ठरवत नाही. कोलंबियाच्या नारिन्यो प्रांतात किनाऱ्यावरचं तुमाको आणि डोंगरातलं तुकेरेस, दोन्हीकडे बहुतेकांना हा संसर्ग असतो. तरी डोंगरात जठराचा कर्करोग सुमारे २५ पट अधिक. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की माणसाचा वंश आणि त्याच्या पोटातल्या जिवाणूचा वंश जुळत नाही तिथे इजा जास्त होते. मूळ अमेरिकी वंशाच्या माणसात आफ्रिकी वंशाचा जिवाणू असला, तर धोका वाढतो. दोष ना एकट्या माणसाचा, ना एकट्या जिवाणूचा.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान (आधार), कर्ता, करण (साधन), चेष्टा आणि दैव. दैव तिथे आहे, पण पाचातलं एक म्हणून. रोगाकडेही असंच पाहायला हवं. नाहीतर पापाच्या जागी जनुक येईल आणि ‘हे माहेरचंच’ म्हणत घराघरांत आईला बोल लावला जाईल. आपल्या जनुकांची निवड कोणत्याच आईने केलेली नाही.

उरते ती चेष्टा, म्हणजे प्रयत्न. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत हा जिवाणू ओळखता येतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण दोन आठवडे प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी औषधं घेतली, तर तो बहुतेकांच्या पोटातून जातो.