काडी, साल आणि फणी

मराठीत निष्फळ गोष्टीला ‘फोल’ म्हणतात, आणि फोल म्हणजे मुळात दाण्यावरचे टरफल. पाखडून, कांडून, सोलून जे बाजूला पडते ते फोल आणि आत जे उरते ते सार, ही धान्यावर जगणाऱ्या समाजाची रोजची समजूत भाषेत मुरली आणि तत्त्वचिंतनातही उतरली. तैत्तिरीय उपनिषदाने माणसाच्या ठायी एकाच्या आत एक अशी पाच रूपे मांडली, पुढच्या वेदान्ताने त्यांना कोश म्हटले, आणि कोश एकामागून एक ओलांडत आत जाणे ही साधनेची दिशा ठरली. कठोपनिषदाने आपल्या अखेरच्या भागात याच दिशेचा एक नेमका दृष्टान्त दिला आहे. मुंज गवतातून इषीका, म्हणजे मधून वर येणारी तुऱ्याची गुळगुळीत काडी, जशी ओढून काढतात, तसा अंतरात्मा धैर्याने देहापासून वेगळा काढावा, असे ते उपनिषद सांगते. शंकराचार्यांनी या धैर्याचा अर्थ अप्रमाद, म्हणजे क्षणभरही गाफील न राहणे, असा लावला आहे, आणि तो अर्थ हाताच्या अनुभवाला धरून आहे, कारण घाईने ओढलेली काडी मध्येच तुटते आणि तिचा शेंडा पानांत अडकून राहतो. विवेक हा शब्द वेगळे करणे या अर्थाच्या ‘विच्’ धातूपासून आला आहे, तेव्हा मुंजाची काडी हे विवेकाचे अगदी शब्दशः चित्र म्हणावे लागते.

या चित्रात एक प्रश्न दडलेला आहे. काडी हाती आली की गवताचे पोकळ वेष्टन मागे राहते आणि दृष्टान्त तिथेच थांबतो. जे मागे राहिले ते स्वभावतःच असार होते, की काडी हवी असणाऱ्याच्या हेतूमुळे ते असार ठरले? वनस्पतीचे तंतू काढणाऱ्या आणि विंचरणाऱ्या हातांनी, आणि पुढे यंत्रांनी, या प्रश्नाचा जितका कसून अभ्यास केला आहे तितका क्वचितच कुणी केला असेल. त्या अभ्यासाची दखल तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत फारशी घेतली गेलेली नाही, ही उणीव खरोखर मोठी आहे.

मुंजाचेच पाहावे. इषीका काढून घेतल्यावर जे वेष्टन उरते, तेच कुटून त्याचा दोर वळतात, कारण चिवट तंतू काडीत नसतात, काडीला बिलगलेल्या त्या पानाच्या आवरणात असतात. उपनयनाच्या वेळी बटूच्या कमरेला जी मेखला बांधायची ती याच तंतूंची. तिला मौंजी म्हणतात, आणि मराठी घरांत त्या साऱ्या संस्काराचेच नाव मुंज पडले आहे. म्हणजे आत्म्याच्या दृष्टान्तात जे मागे टाकले, तेच आत्मविद्या शिकायला निघालेल्या मुलाच्या कमरेला वेढलेले असते, आणि अध्ययन संपल्यावर ते उतरवण्याच्या विधीलाही मराठीत सोडमुंज म्हणतात. मनुस्मृतीने मेखलेची वर्णवार वाटणी केली आणि ब्राह्मणाला मुंजाची, क्षत्रियाला मूर्वा नावाच्या वेलीची व वैश्याला शणाची मेखला सांगितली. तंतूंची प्रतवारी करता करता माणसांचीही प्रतवारी झाली, आणि ती कोणत्याही झाडाच्या गुणधर्मातून निघालेली नव्हती, हे इथे स्पष्ट म्हटले पाहिजे.

शण म्हणजे महाराष्ट्रात ज्याला ताग किंवा बोरू म्हणतात ते पिवळ्या फुलांचे झाड. बंगालमधले ज्यूट ही निराळी वनस्पती असून तिथे तिला पाट म्हणतात, परंतु गोणपाटाच्या व्यवहारात मराठीने तिलाही तागच म्हटले. दोन्ही झाडांची रचना मात्र मुंजाच्या दृष्टान्ताला उलटी आहे. त्यांचा तंतू सालीत असतो आणि आतली काडी लाकडाची, हलकी व ठिसूळ असते. कापलेल्या झाडांच्या जुड्या साचलेल्या किंवा संथ पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवतात. पाण्यातले सूक्ष्म जीव सालीला काडीशी चिकटवून ठेवणारे पेक्टिन नावाचे द्रव्य विरघळवतात. मग कमरेइतक्या पाण्यात उभा राहून शेतकरी बुंध्याकडचा भाग थापीने ठोकतो, साल सुटू लागली की मूठ वळवून ती हिसक्याने ओढतो, आणि पांढरीफटक काडी पाण्यावर तरंगत राहते. दिवस कमी पडले तर साल सुटत नाही आणि जास्त झाले तर तंतूच कुजू लागतो, म्हणून अखेरच्या दिवसांत रोज एक-दोन काड्या उपसून बोटांनी सोलून पाहाव्या लागतात. अप्रमाद तो हाच. येथे आतले टाकून बाहेरचे घ्यायचे असते, आणि कोशामागून कोश सोडत आत जाणाऱ्या साधकाने ही जुडी हातात घेतली तर त्याच्या हाती सरपण येईल.

महाराष्ट्रातला शेतकरी यांपैकी आपल्या तागाशी, म्हणजे शणाशी, तिसऱ्या प्रकारे वागतो. हिरवळीचे खत म्हणून पेरलेला ताग फुलावर येताच तो नांगराखाली गाडून टाकतो, कारण काडी निबर होऊन तंतू कठीण झाले तर मातीत कुजायला वेळ लागतो. त्याच्या लेखी साल, काडी, पान आणि मूळ यांत निवड करण्याजोगे काही नसतेच. साल घेणे, काडी घेणे आणि सगळेच गाडणे हे तीन व्यवहार एकाच झाडाविषयी तीन निरनिराळी सत्ये सांगतात, आणि झाड तिन्ही वेळा तेच असते.

विवेकासाठी आपल्याकडे दुसरी प्रसिद्ध उपमा हंसाची आहे. नीरक्षीरविवेकात दूध आणि पाणी ही दोन निराळी द्रव्ये असतात आणि हंस त्यांतले एक उचलतो. फणीचे काम याहून अवघड आहे, कारण तिला सजातीयातून सजातीय वेगळे करायचे असते आणि गुंत्यात परके काहीच नसते. हेंप, म्हणजे तंतूसाठी लावलेली भांग, आणि जवस यांचे लांब तंतू युरोपात शतकानुशतके हाताने विंचरले जात. लाकडी फळीवर उभ्या रोवलेल्या लोखंडी खिळ्यांची दाट रांग असे, कारागीर तंतूंची मूठभर बट त्या खिळ्यांवर आपटून स्वतःकडे ओढी आणि जाड फणीकडून बारीक फणीकडे जाई. मुलीचे केस विंचरणाऱ्या प्रत्येक आईला जे ठाऊक असते तेच इथेही चालते. सुरुवात टोकाकडून करायची आणि थोडे थोडे मध्याकडे सरकायचे, कारण मधूनच फणी घातली की गुंत्याची गाठ होते. एकोणिसाव्या शतकात हेच काम यंत्राकडे गेले. त्यात तंतूंच्या बटा चिमट्यांत लटकवलेल्या असतात, खिळे बसवलेले दोन पट्टे दोन्ही बाजूंनी फिरत असतात, चिमटे वरखाली होत एका जाडीच्या खिळ्यांपासून पुढच्या बारीक खिळ्यांपर्यंत सरकतात, आणि त्यामुळे टोकापासून मध्याकडे जाण्याचा तो जुना नियम लोखंडानेही पाळला जातो.

तागाच्या बाबतीत, म्हणजे ज्यूटच्या बाबतीत, गोष्ट याहून पुढे जाते. स्कॉटलंडमधील डंडी शहरात जवसासाठी बनलेल्या यंत्रांवर ज्यूट चढवले तेव्हा ते ठिसूळपणामुळे तुटू लागले. १८३० च्या दशकात देवमाशाचे तेल आणि पाणी लावून ते मऊ करण्याची रीत सापडली आणि मगच ते यंत्राला वश झाले. हुगळीकाठी रिशडा येथे १८५५ साली भारतातली पहिली ज्यूट गिरणी उभी राहिली. आजही गिरणीत तेल-पाण्याचे मिश्रण लावून, खाचांच्या रुळांतून चेपून, काही काळ रचून ठेवल्यावरच ताग विंचरण्याच्या यंत्राकडे, म्हणजे कार्डकडे, जातो. कार्डचा मुख्य भाग म्हणजे अंगभर अणकुचीदार खिळे बसवलेला मोठा रूळ. त्याच्याभोवती लहान रूळ असतात. काही सावकाश फिरून तंतू अडवतात, काही तो त्यांच्यावरून सोडवून पुन्हा मोठ्या रुळाकडे देतात, आणि शेवटी डॉफर नावाचा रूळ तंतूंचा पातळ थर उचलून घेतो. त्या थराचा जो सैलसर पट्टा होतो तो म्हणजे चरख्यावर सूत कातणाऱ्यांचा पेळूच, फक्त कितीतरी जाड.

आता ज्यूटची साल भिंगाखाली पाहिली तर तिच्यात सुटे तंतू दिसतच नाहीत. प्रत्यक्ष पेशी जेमतेम २ ते ३ मिलिमीटर लांब असतात, त्या एकमेकींना चिकटून झाडाच्या उंचीइतकी लांब अशी एक अखंड जाळी तयार झालेली असते, आणि कार्डचे खिळे ती जाळी फाडतात तेव्हा कुठे ‘तंतू’ नावाची वस्तू अस्तित्वात येते. तंतू किती लांब व्हावा हे खिळ्यांची दाटी, रुळांचा वेग आणि त्यांच्यातले अंतर यांवर ठरते. मुंजाची काडी ओढण्यापूर्वीही काडीच होती. ज्यूटचा तंतू मात्र विंचरण्यापूर्वी तंतू नव्हता.

भारतीय दर्शनांतला एक मोठा वाद या दोन वनस्पतींमध्ये विभागून ठेवता येतो. सांख्यांच्या मते पुरुष आणि प्रकृती अनादिकाळापासून भिन्नच आहेत आणि विवेक फक्त तो भेद प्रकट करतो. हे मुंजाचे मत झाले. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांच्या बौद्ध परंपरेने वस्तूंच्या जाती आणि त्यांच्या सीमा बुद्धीच्या विकल्पातून घडतात असे मानले. हे ज्यूटचे मत झाले. कार्डकडे नीट पाहिल्यास दोहोंपैकी एकही मत पुरते टिकत नाही. खिळे जाळी फाडतात खरे, परंतु ती उभी चिरते तशी आडवी चिरत नाही, आणि खिळ्यांची रचना कितीही बदलली तरी ज्यूटमधून कापूस निघत नाही. भेद केला जातो, पण वस्तूने ज्या दिशेला वाट दिली त्या दिशेलाच तो करता येतो. सार शोधणाऱ्याचा हेतू आणि वस्तूचा पीळ या दोहोंच्या संगनमतानेच सार ठरते, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळचे आहे.

दीघनिकायातल्या पायासिसुत्तात शणाचाच एक दृष्टान्त आहे. परलोक नाही असे मानणाऱ्या पायासीला भिक्षू कुमारकस्सप सांगतात, की दोन मित्र धनाच्या शोधात निघाले, त्यांना टाकून दिलेला शणाचा ढीग सापडला आणि दोघांनी एकेक भारा उचलला. पुढे शणाचे सूत दिसले, मग शणाचे कापड, मग क्षौम म्हणजे जवसाच्या धाग्याचे वस्त्र, मग कापूस, लोखंड, तांबे असे करत सोन्यापर्यंत मजल गेली. एकजण दरवेळी जुना भार टाकून नवा घेत गेला, तर दुसरा, भारा इतक्या लांबून आणला आहे आणि नीट बांधलेला आहे, म्हणून शणच घेऊन घरी परतला. सुत्ताचा रोख आग्रही मताच्या ओझ्यावर आहे आणि तो योग्यच आहे. तरी एक गोष्ट दृष्टीआड करू नये. पहिल्या मुक्कामावर शण हे धन होते, पुढे ते ओझे ठरले, आणि या साऱ्या प्रवासात शणात तसूभरही बदल झालेला नव्हता.

टाकलेल्या वस्तूचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र कोणत्याच दृष्टान्तात नीट येत नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रकृतीला नर्तकीची उपमा आहे. नर्तकी प्रेक्षकांना आपली कला दाखवून थांबते, तशी प्रकृती पुरुषाला आपले रूप दाखवून निवृत्त होते. विंचरणाऱ्याच्या खोलीत असे कुणी निवृत्त होत नाही. फणीखालून जे आखूड तंतू गळतात त्यांचे जाडेभरडे सूत निघते, गोणपाट होतो, लाकडी जहाजांच्या फळ्यांतल्या फटी बुजतात. त्याहून हलके जे असते ते हवेत उडते आणि श्वासावाटे माणसात जाते. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली प्रसिद्ध केलेल्या, कारागिरांच्या आजारांवरील ग्रंथात हेंप आणि जवस विंचरणाऱ्यांच्या खोकल्याची आणि दम्याची नोंद आहे. पुढे या विकाराला बिसिनोसिस म्हटले गेले. तलम वस्त्राला असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले, म्हणजे रोगाचे नाव वस्त्राच्या तलमपणावरून पडले. त्याची खूण अशी, की सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. विश्रांती मिळालेला देह धूळ पुन्हा ओळखतो. ज्याला असार म्हणून बाजूला केले ते कुठे जाऊन बसते, हे विवेकाच्या विचारातून वगळले तर तो विवेक अपुरा आहे, कारण ती धूळ बसण्याची जागा नेहमी दुसऱ्या कुणाची तरी छाती असते.

यंत्राला विवेक असतो का, असेही विचारले जाते. कार्डचे खिळे निवड करत नाहीत. दोन रुळांतले अंतर गेज लावून माणूस बसवतो, ते कमी पडले तर धडधाकट तंतू तुटतो, जास्त झाले तर गाठी तशाच पुढे जातात, आणि खिळे झिजले की यंत्र थांबवून ते बदलावे लागतात. उपनिषदाने मागितलेले धैर्य नाहीसे झालेले नाही. ते ओढणाऱ्या हातातून अंतर बसवणाऱ्या हातात गेले आहे, आणि तिथे ते कमी पडले तर एका बटेऐवजी गाड्याच्या गाड्या वाया जातात.

साल सोलून झाल्यावर उरलेली ती पांढरी काडी बंगालमध्ये चुलीत जाते, तिची कुंपणे होतात, पानमळ्यात वेलांना तिचा आधार देतात. ओडिशात दिवाळीच्या संध्याकाळी घरातली माणसे अंगणात सात कप्प्यांच्या होडीची रांगोळी काढतात आणि तागाच्या या काड्यांची जुडी पेटवून आकाशाकडे धरतात. महालयाला आलेले पितर आता परत निघालेले असतात, त्यांना अंधारात वाट दिसावी म्हणून त्यांना हाक मारत ही काडी जाळायची. सुकलेली, पोकळ काडी लगेच पेट घेते, आणि तिच्या उजेडाची त्या वेळी घरातल्या सर्वांना गरज असते.