दगडावरची नावं, माणसांची साक्ष

खडकीच्या वॉर सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे कबरींच्या कायम देखभालीची खात्री नव्हती, तिथून त्या इथे आणल्या गेल्या. दगडावर पलटणीचं चिन्ह, नाव, तारीख, वय. काहींच्या तळाशी घरच्यांनी निवडलेली ओळ. अधिकारी असो की साधा शिपाई, दगड एकाच मापाचा. पहिल्या महायुद्धानंतर रुजलेली ही कल्पना मोठी होती. एरवी स्मारकं विजयाची आणि सेनापतींची. १८१७ मध्ये याच खडकीला इंग्रज-मराठे लढले. त्यात पडलेल्या किती शिपायांची नावं आपल्याला माहीत आहेत?

पण सैनिकाच्या मागे त्याचं सरकार असतं. ज्यांच्यावर सरकारच उलटलं, त्यांची आठवण कोणी जपायची? नाझी छावण्यांनंतर हा प्रश्न टाळता येईना. आलँ रेनेंनी ‘नाइट अँड फॉग’ या माहितीपटात (१९५६) छावण्यांची जुनी दृश्यं पुराव्यासारखी समोर ठेवली. १९६१ मध्ये जेरुसलेमला नाझी अधिकारी आइकमनच्या खटल्यात वाचलेली माणसं एकामागून एक उभी राहून बोलली. क्लोद लांझमान यांनी तर ‘शोआ’त (१९८५) जुनं एकही दृश्य घेतलं नाही. नऊ तासांहून जास्त वेळ माणसं बोलतात आणि गप्प होतात. तेल अवीवच्या एका सलूनमध्ये अब्राहम बोम्बा केस कापता कापता ट्रेब्लिंकाच्या छावणीबद्दल सांगत असतात. मध्येच त्यांचा आवाज अडतो. नको, म्हणतात. लांझमान ऐकत नाहीत, सांगावंच लागेल म्हणतात. कॅमेरा चालूच राहतो. त्या प्रसंगाचं मोल मला कळतं, पण तो आग्रह खुपतो. साक्ष सगळ्या जगाला हवी असते आणि जखम एकट्या सांगणाऱ्याची उघडी पडते.

म्हणूनच आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) मला या विचाराची पुढची पायरी वाटतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधाला जमलेल्यांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जण गेले. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला, कपाळाला निळं कापड बांधून. नाझी संहाराशी या आकड्याची तुलना करू नये. पण आपल्याच राज्याने मारलेल्यांची आठवण कोणी ठेवायची, हा प्रश्न इथेही तितकाच उघडा आहे.

पटवर्धन चौदा वर्षं या चित्रपटाचं काम करत राहिले, त्यामुळे साक्ष एका दुपारी ओढून काढावी लागली नाही. ती घराघरांतून, सभांमधून, पुण्याच्या कबीर कला मंचाच्या गाण्यांतून आपल्या चालीने आली. वाचलेली माणसं इथे रडतात, तशी वादही घालतात, गातात, आंबेडकर समजावून सांगतात. २००९ मध्ये या गोळीबाराच्या खटल्यात पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप झाली, पुढे उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. चित्रपट मात्र निकालापाशी थांबला नाही. पुरा झाल्यावर तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, आंबेडकरी वस्तीतच, उघड्यावर पडदा लावून दाखवला गेला.