भिक्षू झाला, म्हणजे उरला कोण?

अनुसरण घेणाऱ्याच्या घरचे लोक एक शंका नेहमी विचारतात: घर सोडले, गाव सोडले, गोत सोडले, मग हा उरला कोण? शंका झटकून टाकण्यासारखी नाही. तिच्यात आईच्या डोळ्यांतले पाणी असते.

मावळात बेडसे गावाजवळच्या डोंगरात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराची बौद्ध लेणी आहेत. त्यांचे दर्शन वेगळे, आपले वेगळे; जीव-परमेश्वराविषयीचा भेद पुसून बोलण्याचे कारण नाही. येथे विचार आचाराचा आहे. तेथील ब्राह्मी लेखांपैकी एकात दाता सांगतो, की मी नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक. पाण्याच्या टाक्यावरील लेखात महारठिनी सामडिनिका आहे; ती महाभोजाची कन्या, आपदेवणकाची पत्नी. तिसरा लेख गोभूती नावाच्या स्थविराच्या स्तूपाचा. तो आरण्यक, पिंडपातिक, मारकूडवासी. स्तूप करविणारा त्याचा शिष्य आषाढमित्र.

शेठाची ओळख बापाने, नगराने आणि पेढीने झाली. महारठिनीची पित्याने व पतीने. भिक्षूच्या नावापुढे बाप नाही, कुळ नाही, जन्मगाव नाही. तो राहतो कोठे आणि जेवतो कसा, एवढेच आहे. अरण्यात राहतो, झोळीत पडेल ते खातो. तरी तिघांत माणूस म्हणून डोळ्यांपुढे उभा राहतो तो हाच.

आपल्याकडे याची नवलाई नसावी. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी साधकाला भिक्षा, अटन, विजन व नामस्मरण नेमून दिले. स्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी ज्यांनी लीळा पाहिल्या त्यांना शोधशोधून विचारले, तेव्हा लीळाचरित्र सिद्ध झाले. स्थानपोथीत तर स्वामी कोठे बसले, कोठे राहिले, याचीच नोंद आहे. ग्रीस देशात अथॉस पर्वतावरील सनातनी ख्रिस्ती भिक्षू दीक्षेच्या वेळी पूर्वीचे नावही टाकतात. नाव गेल्याने तेथे माणूस हरवत नाही. नित्याच्या प्रार्थनेत, उपवासात व कष्टात तो ओळखू येतो.

हरवतो तो अन्यत्र. मावळातून २००२ पासून मुंबई-पुण्याचा द्रुतगती मार्ग धावतो. त्या वाटेने कामाला जाणाऱ्या तरुणाला कारखान्यात हजेरीचा क्रमांक असतो, कचेऱ्यांत आधारचा, व्यवहारात भ्रमणध्वनीचा. क्रमांक वाईट नव्हेत, पण कारखाना बंद पडला की तो घरी येऊन म्हणतो, आता मी कोणीच नाही. हे म्हणण्याची पाळी गोभूतीवर यावी कशी? त्याची ओळख दुसऱ्याने दिलेली नव्हती, म्हणून दुसऱ्याला काढूनही घेता येत नव्हती.

मात्र आपल्याही उत्सवपत्रिकांत अलीकडे नावाआधीच्या पदव्या नावाहून लांब होऊ लागल्या आहेत, हे सांगणे भाग आहे. तो मार्ग पुष्यणकाचा. शेठाला तो शोभतो.

तेव्हा घरच्यांनी जरूर विचारावे, पण त्याला स्वतःला नव्हे. जवळ राहणाऱ्याला विचारावे, की हा पहाटे उठतो का, भिक्षेला जातो का, मिळाले ते खातो का. आषाढमित्राने गुरूविषयी दगडावर कोरविले, ते असेच रोज जवळ राहून पाहिलेले असणार.