शस्त्राची साक्ष

न्यूयॉर्क राज्यातील ऑयस्टर बे येथे थिओडोर रूझवेल्ट यांचे ‘सॅगमोर हिल’ हे निवासस्थान राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन करण्यात आले आहे. तेथील संग्रहात कोल्ट कंपनीच्या बनावटीचे, .३८ कॅलिबरचे एक रिव्हॉल्व्हर आहे. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोट होऊन बुडाली आणि २६० हून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्या बुडालेल्या नौकेतून हे शस्त्र वर काढले गेले. रूझवेल्ट यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान आरमारात अधिकारी होते. त्यांनी ते रूझवेल्टना दिले. पुढे शस्त्रावर दोन लेख कोरण्यात आले. एका बाजूस ते बुडालेल्या ‘मेन’वरचे असल्याची नोंद आहे, दुसऱ्या बाजूस १ जुलै १८९८ ही तारीख, सान हुआन हे स्थळ, आणि कर्नल रूझवेल्ट यांनी ते जवळ बाळगले व वापरले, असा निर्वाळा आहे.

जुन्या शस्त्राचे मोल त्याच्या पोलादावर ठरत नाही. ते कोणाच्या हाती होते, कोठे होते आणि याला पुरावा काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते ठरते. या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत तिन्ही उत्तरे निःसंदिग्ध आहेत. इतकेच नव्हे, तर चौथ्या आणि अधिक अवघड प्रश्नाचे उत्तरही उपलब्ध आहे : या शस्त्राने काय केले? १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द रफ रायडर्स’ या ग्रंथात रूझवेल्ट यांनीच ते नोंदविले आहे. सांतियागोजवळच्या टेकड्यांवरील चढाईत दहा यार्डांच्याही आतून दोन स्पॅनिश सैनिक खंदकातून बाहेर पडले आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. ते पळण्यासाठी वळले, तेव्हा रूझवेल्ट यांनी दोन बार काढले. पहिला हुकला, दुसऱ्याने एक सैनिक ठार झाला. लगेच पुढे हे रिव्हॉल्व्हर ‘मेन’वरचे होते, ही माहिती येते. दोन विधानांच्या या शेजारातच एक नैतिक दावा अनुस्यूत आहे : बुडालेल्यांच्या वतीने त्यांच्याच नौकेवरच्या शस्त्राने न्याय केला.

तथापि हा दावा ज्या गृहीतकावर उभा आहे, ते तपासून पाहिले पाहिजे. १८९८ च्या अमेरिकी आरमारी चौकशीने स्फोटाचे कारण नौकेखालचा सुरुंग असे ठरविले. मात्र तो कोणी लावला, हे सांगितले नाही. स्पॅनिश चौकशीने स्फोट नौकेच्या आतच झाला असे म्हटले. १९११ मध्ये नौकेचे अवशेष उघडे करून झालेल्या दुसऱ्या अमेरिकी तपासणीनेही बाह्य कारणाकडेच बोट दाखविले. परंतु १९७६ साली ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाने दारूकोठाराशेजारील कोळशाच्या कोठीत लागलेली आग हे अधिक संभाव्य कारण मानले. वाद पुरता मिटलेला नाही. तरीही स्पेनचा अपराध कधीच सिद्ध झाला नाही, एवढे निश्चित. म्हणजे शस्त्राची वंशावळ बिनचूक आहे. ज्या अपराधाचे प्रायश्चित्त म्हणून ते उचलले गेले, तो अपराध मात्र संशयास्पद आहे. साक्षीदार खरा असला तरी त्यामुळे खटला खरा ठरत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. क्यूबामध्ये स्पॅनिश राजवटीविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध आधीपासूनच सुरू होते आणि छावण्यांत कोंडलेली हजारो क्यूबन माणसे मरत होती. युद्धाचे कारण केवळ ‘मेन’ नव्हते. शिवाय ज्याने क्षणापूर्वी गोळी झाडली, तो पाठ फिरवताच निरपराध कसा ठरेल? आधुनिक युद्धनियमांनुसार शरण न आलेला, माघार घेणारा सैनिक लक्ष्य ठरू शकतो. महाभारतातील युद्धमर्यादा मात्र पळणाऱ्यावर शस्त्र उगारू देत नाही. आणि ती मर्यादा त्याच युद्धात कितीदा ओलांडली गेली, हेही महाभारतच सांगते. रूझवेल्ट यांचे धैर्य वादातीत आहे. त्यासाठी २००१ साली त्यांना मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’ देण्यात आले. तेव्हा प्रश्न एका व्यक्तीला दोषी ठरविण्याचा नाही. स्मरण कशाचे केले जाते, हा आहे.

कोरलेल्या लेखात नौकेचे नाव आहे, स्थळाचे आहे, वापरणाऱ्याचे आहे. ‘वापरले’ या क्रियापदाचे कर्म असलेला माणूस तेवढा त्यात नाही. त्याचे नाव मारणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. त्याच युद्धाअखेरच्या, १० डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहाने फिलिपिन्स २ कोटी डॉलरच्या मोबदल्यात अमेरिकेकडे गेले आणि १८९९ मध्ये तेथील स्वातंत्र्यवाद्यांशी नवे युद्ध पेटले. त्या युद्धात .३८ कॅलिबरची रिव्हॉल्व्हरे पुरेशी घातक नाहीत अशी तक्रार झाली आणि सैन्य .४५ कॅलिबरकडे वळले. लष्कराच्या तराजूत या जातीच्या शस्त्राचे वैगुण्य म्हणजे त्याने माणूस नीट मरत नाही. संग्रहालयाच्या तराजूत या एका शस्त्राचा गुण म्हणजे त्याने माणूस मारल्याची खात्री आहे. दोन्ही तराजूंत माणसाचे वजन धरलेले नाही.

१९९० साली हे रिव्हॉल्व्हर सॅगमोर हिल येथून चोरीस गेले आणि २००६ मध्ये परत मिळाले. चोरीचा खटला ज्या पुरावस्तू कायद्याखाली चालला, तो १९०६ साली रूझवेल्ट यांच्याच स्वाक्षरीने अस्तित्वात आला होता; त्याच वर्षी त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिकही मिळाले. वस्तूच्या चोरीचा हिशेब सोळा वर्षांनंतर का होईना, पण मागितला गेला. वस्तूने घेतलेल्या प्राणाचा हिशेब कोणत्याच कायद्याच्या कक्षेत येत नाही; तो स्मरणाच्याच कक्षेत येऊ शकतो.

म्हणून असे शस्त्र वितळवून टाकणे हा उपाय नव्हे. तो पुरावा नष्ट करणे होईल. ते जपलेच पाहिजे. पण पराक्रमाचे चिन्ह म्हणून जपणे वेगळे आणि एका कृत्याचा दस्तऐवज म्हणून जपणे वेगळे. दस्तऐवज म्हणून ते वाचणाऱ्याला दोन कोरीव लेखांबरोबर तिसरा, न कोरलेला लेखही वाचावा लागतो. जुलैच्या त्या दिवशी टेकडीवर पाठ फिरवलेला एक अनाम सैनिक एवढाच त्याचा मजकूर आहे.