नजरेच्या टप्प्यातला सन्मान

इटलीत पेरुजा शहराजवळ सोलोमेओ नावाचं टेकडीवरचं एक छोटं गाव आहे. तिथे ब्रुनेल्लो कुचिनेल्ली यांची कंपनी कॅशमिअरचे स्वेटर बनवते. एका स्वेटरची किंमत सहज लाखाच्या वर जाते. मला मात्र स्वेटरपेक्षा तिथल्या एका नियमाचा हेवा वाटतो. संध्याकाळी साडेपाचला काम संपतं आणि त्यानंतर कुणी कुणाला कामाची ईमेल पाठवायची नाही. दुपारी जेवायला दीड तास. हजेरीसाठी पंचिंग नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे हेवा का वाटतो हे वेगळं सांगायला नको.

हे कुणाला सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं: लाखाला स्वेटर विकला की कुणालाही साडेपाचला घरी जाता येईल. म्हणजे कामगाराचा सन्मान हीसुद्धा श्रीमंत गिऱ्हाइकाने विकत घेतलेली चैनच. मला हे उत्तर अपुरं वाटतं, आणि त्याचं कारण आमच्याच धंद्यात आहे. स्वेटर दुसऱ्यांदा बनवायचा तर लोकर पुन्हा लागते, हात पुन्हा लागतात. सॉफ्टवेअरची दुसरी प्रत जवळपास फुकट बनते. नफ्याचं प्रमाण मोठं असलं की माणसं वेळेवर घरी जातात, हे खरं असतं तर जगात सगळ्यात आधी आम्ही घरी गेलो असतो. शनिवारी रात्री रिलीजसाठी जागणारी टीम काही पैशाच्या टंचाईमुळे जागत नाही. 2019 मध्ये जेफ बेझोस आणि लिंक्डइनचे रीड हॉफमन यांच्यासह सिलिकॉन व्हॅलीतली बडी मंडळी सोलोमेओला जाऊन कुचिनेल्लींशी आत्मा आणि अर्थकारण यांवर बोलून आली. परत आल्यावर कुणी साडेपाचला सर्व्हर बंद केल्याचं ऐकिवात नाही.

मग कुचिनेल्लींना हे सुचलं कसं? ते स्वतः जे सांगतात ते असं. त्यांचा जन्म 1953 चा, घरची शेती दुसऱ्याच्या जमिनीवरची, घरात वीज नव्हती. पुढे कुटुंब शहराजवळ राहायला आलं आणि वडील सिमेंटच्या कारखान्यात लागले. तक्रार पगाराची नव्हती. तिथे त्यांना ज्या भाषेत बोललं जायचं, ती सहन होत नव्हती. वडिलांचे पाणावलेले डोळे मुलाने पाहिले. तो इंजिनिअरिंग अर्धवट सोडून बाहेर पडला, 1978 मध्ये रंगीत कॅशमिअर विकायला लागला (तेव्हा कॅशमिअर म्हणजे बहुतेक फिके, गंभीर रंग), आणि 1985 मध्ये बायकोच्या गावातला, सोलोमेओमधला, 14व्या शतकातला पडका किल्ला विकत घेऊन तिथे काम सुरू केलं. साडेपाचचा नियम कुठल्या ताळेबंदातून आलेला नाही. तो एका माणसाचा अपमान जवळून पाहिल्यामुळे आला आहे.

काम काय असतं तेही पाहण्यासारखं आहे. स्वेटरचे भाग, म्हणजे पाठ, पुढा, बाह्या, गळ्याची पट्टी, वेगवेगळे विणले जातात. ते जोडताना कापडासारखी सरळ शिलाई मारली तर जाड शीण येते आणि ती अंगाला टोचते. म्हणून सुयांची गोल चकती असलेल्या मशीनवर एकेक टाका एकेका सुईवर चढवतात. इटालियनमध्ये याला रिमाल्यो म्हणतात. बारीक विणीचा एक टाका चुकला तरी तिथून धागा सुटत जातो. दिवसभर नजर टाक्यावर ठेवायची असते. अशा कामात दमलेला माणूस फार काळ चांगलं काम करू शकत नाही, त्यामुळे दीड तासाच्या जेवणात थोडा व्यवहारही आहेच. नव्या मुलांनी हे शिकावं म्हणून कंपनीने 2013 मध्ये शाळा काढली. कारण उघड आहे: अपमान सोसून हे काम करायला पुढची पिढी येणार नाही.

मला अडचण दिसते ती दुसऱ्या टोकाला. कॅशमिअर म्हणजे शेळीच्या राठ केसांखालची मऊ लव. वसंतात ती विंचरून काढतात. साफ केल्यावर एका शेळीमागे साधारण दीड-दोनशे ग्रॅम उरते. ही लोकर मुख्यतः चीन आणि मंगोलियातून येते, कुचिनेल्लींचीसुद्धा. मंगोलियात 1990 मध्ये साधारण 50 लाख शेळ्या होत्या. समाजवादी व्यवस्था संपली, कळप खासगी झाले, लोकरीला भाव आला आणि 2018 च्या सुमारास शेळ्या अडीच कोटींच्या वर गेल्या. शेळी गवत मुळाशी खाते. चराई उघडी पडली की कडक हिवाळा, ज्याला तिथे झुद म्हणतात, आणखी जड जातो. 2009-10 च्या झुदमध्ये देशातली सुमारे एक पंचमांश जनावरं मेली. त्या गुराख्याचा साडेपाच कुठे असतो?

अंतर मैलांचंच असतं असंही नाही. जुलै 2025 मध्ये मिलानच्या न्यायालयाने लोरो पियाना या दुसऱ्या नामांकित इटालियन कॅशमिअर कंपनीला एका वर्षासाठी न्यायालयीन देखरेखीखाली ठेवलं. उपकंत्राटदारांच्या कारखान्यांत कामगारांचं शोषण होत होतं आणि कंपनीने पुरेसं लक्ष दिलं नाही, असा ठपका होता. पुरवठादाराने न सांगता काम पुढे दिलं आणि कळताच आम्ही संबंध तोडले, असं कंपनीचं म्हणणं. ते खरं धरलं तरी प्रश्न तोच राहतो. न कळण्याइतकं अंतर कुणी तयार केलं?

कुचिनेल्लींना वडील दिसले म्हणून सोलोमेओ उभं राहिलं. त्या नियमांना ढोंग म्हणायला मी तयार नाही. पण जो सन्मान डोळ्यांनी पाहिलेल्या दुःखातून येतो, तो डोळ्यांच्या टप्प्यापलीकडे कसा न्यायचा, याचं उत्तर त्या गावात मला सापडत नाही. गुराखी लोकर किलोवर विकतो. व्यापारी दहा कळपांची लोकर एका गठ्ठ्यात भरतो. गठ्ठा गोदामात पोचेपर्यंत कुठली लव कुणाच्या शेळीची, हे सांगता येत नाही.