खाली आलेला काटा

वाईट बातमी खरी की खोटी याची चौकशी करण्याची माणसाला जेवढी घाई असते, तेवढी चांगल्या बातमीच्या बाबतीत का नसते? हा प्रश्न मला कुठल्या ग्रंथात भेटला नाही. तो गेल्या भाऊबीजेला, नांदेडहून लातूरला जाताना, लोहा आणि अहमदपूर यांच्या दरम्यान रस्त्याच्या कडेला भेटला.

माझे मेहुणे लातूरला असतात. भाऊबीजेला आमचे कुटुंब तिकडे जायचे, हा वर्षानुवर्षांचा नेम. आमची जीप जुनी. आमच्या घरी येण्यापूर्वी ती दोन घरी नांदून आलेली. इंजिनाबद्दल तक्रार नव्हती, पण डॅशबोर्डवरचे काटे मात्र लहरी. पुढचे दिवे लावले की डिझेलचा काटा जागचा हले आणि त्याच्या शेजारचा, इंजिनाची उष्णता दाखवणारा काटाही त्याला साथ देई. महिनाभर हे पाहून मी त्या सर्वच काट्यांना खोटारडे ठरवून मोकळा झालो होतो.

माळाकोळी मागे पडली आणि उष्णतेचा काटा चढू लागला. चढता चढता तो तांबड्या रेघेपाशी जाऊन टेकला. आमची मंडळी म्हणाली, "अहो, थांबू या का जरा?" मी म्हणालो, "त्या काट्याचे काय ऐकतेस? वायरिंगचा घोटाळा आहे." आणि मौज अशी की, दोनच मिनिटांत काटा आपसूक खाली आला. पार तळाशी जाऊन गप्प बसला. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिले. त्यानंतर मैलभर गेलो असू-नसू, तोच बॉनेटखालून वाफेचा लोट उठला.

एका मोटारसायकलवाल्या तरुणाने पुढच्या फाट्यावरून एक वयस्क मिस्त्री आणून दिला. त्याने प्रथम काहीच केले नाही. रेडिएटरच्या झाकणाकडे गेलेला माझा हात तेवढा धरला. "गुरुजी, तोंड भाजून घ्यायचंय का? निवू द्या आधी." अर्ध्या तासाने त्याने दाखवले : होज पाइप फाटला होता आणि पाणी सगळे रस्त्यावर सांडले होते.

"पण काटा तर खाली आला होता!" मी म्हणालो.

"येणारच की. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाण्याचा ताप तो सांगतो. पाणीच गेलं, सेन्सर कोरडा पडला, तर बिचारा सांगणार कशाचं? काटा खाली आला म्हणजे ताप उतरला असं नसतं, गुरुजी. कधी कधी सांगणाराच उरलेला नसतो."

माझा तरीही काट्यावरचा राग गेला नव्हता. मग त्याने माझी शिकवणीच घेतली. सेन्सरवरची वायर काढली. काटा थंडीच्या टोकाला गेला. तीच वायर क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. काटा गरमीच्या टोकाला गेला. "म्हणजे मीटर ठीक, वायर ठीक. सगळ्या गाड्यांना असं करायचं नसतं बरं का, नव्या गाड्यांचं मीटर जळतं. तुमची जुनी आहे म्हणून केलं." पुढे तो म्हणाला, "एकच काटा चुकला तर त्याचा सेन्सर नाहीतर त्याची वायर बघायची. सगळेच एकदम नाचायला लागले तर एकेकाला कशाला झोडपायचं? फ्यूज बघायचा, अर्थिंग बघायचं." डॅशबोर्डमागे हात घालून त्याने गंजलेला एक बोल्ट सोडवला, पॉलिश पेपरने घासला आणि पुन्हा आवळला. मी दिवे लावले. एकही काटा हलला नाही. महिनाभर ज्यांना मी खोटारडे म्हणत होतो, त्यांचा दोष एवढाच होता की, त्यांचे पाय ज्या जमिनीवर टेकलेले, ती जमीन गंजली होती.

मला माझा वर्ग आठवला. एक मुलगा गणितात नापास झाला तर त्याच्या घराकडे पाहावे. सगळा वर्ग नापास झाला तर मास्तराकडे पाहावे. हे मला विसाव्या वर्षीच कळायला हवे होते.

पण खरी टोचणी वेगळीच होती. काटा वर गेला तेव्हा मी त्याच्यावर संशय घेतला. खाली आला तेव्हा त्याच काट्यावर विश्वास ठेवला. काट्याचा स्वभाव दोन मिनिटांत बदलला नव्हता. बदलली होती ती फक्त बातमी. मी स्वतःला चिकित्सक समजत होतो. परंतु जो संशय केवळ नावडत्या बातमीपुरताच जागा होतो, तो संशय नव्हे. ती आपली सोय. चिकित्सेचे कपडे घातले म्हणजे सोय काही चिकित्सा होत नाही.

हा दोष माझ्या एकट्याचा म्हणावा, तर आमच्या भागाने त्याची मोठी किंमत पाहिली आहे. किल्लारीचा भूकंप झाला तो ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे चारच्या सुमारास. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे. हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. भूकंपाच्या धोक्याच्या नकाशात तोवर हा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे २००२ साली नकाशा सुधारला, पहिला पट्टाच काढून टाकला आणि लातूरचा भाग तिसऱ्यात गेला. भूकंपाची वेळ कोणालाच सांगता आली नसती, हे खरे. पण नकाशा म्हणत होता 'धोका कमी', आणि आपण सर्वांनी वाचले 'धोका नाही'. तळाशी असलेल्या काट्याला कोणी प्रश्न विचारत नाही.

मिस्त्री नवा पाइप आणायला गेला. आम्ही कडुनिंबाखाली फराळाचा डबा उघडून बसलो. समोरून ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर जात होते. ट्रॉलीत भांडीकुंडी, गोणपाट, शेळी आणि त्यांच्या मधोमध दाटीवाटीने बसलेली पोरे. एक पोरगा आमच्या डब्याकडे पाहत पाहत दूर गेला, आणि चकली माझ्या हातातच राहिली.

त्याच्या आदल्या वर्षी माझ्या वर्गात असाच एक होता. दिवाळीच्या आधी आठ दिवस तो रोज काहीतरी निमित्त काढून टेबलापाशी येई. "गुरुजी, मी गावातच राहिलो तर शाळेत येऊ का?" "गुरुजी, आजीपाशी राहिलो तर?" मी म्हणे, "बघू." नवव्या दिवसापासून त्याने विचारणे सोडले. शहाण्यासारखा बाकावर गप्प बसू लागला. त्याचा प्रश्न सुटला असे मी समजलो आणि प्रगतिपुस्तकात लिहिले : 'वर्तन समाधानकारक.' सुटीनंतर त्याचा बाक रिकामा होता. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, हे मला ठाऊक होते. त्याच्या आजीशी बोलायला एक संध्याकाळ पुरली असती. काटा खाली आला होता. पाणी केव्हाच सांडून गेले होते. कादंबरीतल्या माणसांच्या मौनावर मी पानेच्या पाने लिहिली आहेत, आणि समोरच्या बाकावरचे मौन मला वाचता आले नाही.

मिस्त्री परतला. पाइप बसवला, पाणी भरले. निघताना म्हणाला, "किल्ली फिरवा, पण स्टार्टर मारू नका." मी तसे केले. बॅटरीचा तांबडा दिवा लागला. "आणि ऑइलचा कुठाय?" तो लागलाच नव्हता. माझ्या मते तर ती आनंदाची गोष्ट होती! त्याने खोलून पाहिले, तर तिथे बल्बच नव्हता. आधीच्या कोणा मालकाने काढून टाकला असावा. मिस्त्रीने खिशातून एक बल्ब काढून बसवला. किल्ली फिरवताच दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला. "हा खरा," तो म्हणाला. "आधी लागतो आणि मग विझतो, त्याच्या विझण्यावर विश्वास ठेवायचा. जो कधी लागतच नाही, त्याच्यावर नाही."

मी विचारले, "मिस्त्री, मग काय, सारखा संशय घेत गाडी चालवायची?"

तो हसला. "सारखा कशाला? किल्ली फिरवताना एकदा बघायचं. मग बिनघोर जावा."

एवढा संशय संसाराला झेपण्याजोगा आहे, असे मला वाटते. लातूरला पोहोचायला रात्र झाली. मेहुणे पाटावर बसून वाट पाहत होते, ओवाळणी झाली. आता यंदाची दिवाळीची सुटी जवळ आली आहे. हजेरी घेताना मी रोज पाहतो, कोण मुलगा कालपर्यंत काही विचारत होता आणि आज विचारत नाही. अशी दोन नावे मी वहीत लिहून ठेवली आहेत. फटाके वाजण्यापूर्वी त्या दोन्ही घरी जाऊन यायचे आहे.